डेअर (अल्बम) आणि त्याचं रीमास्टर

डेअर हा इंग्लंडमधल्या शेफिल्डच्या ह्यूमन लीग या बँडचा तिसरा अल्बम, ऑक्टोबर १९८१ मध्ये व्हर्जिन रेकॉर्ड्सने काढलेला. एकूण १० गाणी आणि गिटार अजिबात नाही. सिंथ-पॉप (सिंथेसायझर या विजेवर सूर तयार करणाऱ्या वाद्यावरचं पॉप संगीत) म्हणजे काय असं कुणी विचारलं तर व्याख्या सांगत बसण्यापेक्षा हा अल्बम लावून द्यावा. ब्रिटनमध्ये तो नंबर वनला गेला, पुढे सीडीवर आला आणि मग रीमास्टर होऊन (म्हणजे जुन्या टेपवरून आवाज नव्याने नीट करून) पुन्हा पुन्हा बाजारात येत राहिला. २००३ ला 'लव्ह अँड डान्सिंग' या त्याच्याच रीमिक्स अल्बमसोबत एकाच सीडीवर आला आणि २०१२ ला दोन सीडींचा डिलक्स सेट.

मागची गोष्ट थोडक्यात. १९८० मध्ये बँड फुटला, मार्टिन वेअर आणि इयान क्रेग मार्श बाहेर पडले (त्यांनी हेवन १७ काढला) आणि सिंथेसायझर नीट वाजवता येणारे तेच दोघं होते! मागे राहिले गायक फिलिप ओकी आणि स्टेजवर स्लाइड दाखवणारा एड्रियन राइट. युरोपची टूर तोंडावर आलेली, म्हणून ओकीने शेफिल्डच्या एका डिस्कोत नाचताना दिसलेल्या दोन शाळकरी मुलींना, सुझन सली आणि जोअ‍ॅन कॅथरॉल यांना, सरळ बँडमध्ये घेतलं. नंतर इयान बर्डन आला आणि जो कॅलिस आला, तो तर रेझिलोज या पंक बँडचा गिटारवाला, त्याच्या हातात इथे सिंथ दिला.

खरा कारागीर मात्र निर्माता मार्टिन रशंट. स्ट्रँग्लर्स, बझकॉक्स असले पंकवाले रेकॉर्ड करून हा माणूस मशीनकडे वळला होता आणि बर्कशायरमध्ये त्याचा स्वतःचा जेनेटिक नावाचा स्टुडिओ होता. तिथे रोलँड कंपनीचा एमसी-८ होता, सिंथकडून सूर आपोआप वाजवून घेणारं यंत्र, म्हणजे सूर वाजवायचे नाहीत, प्रत्येक सुराचे आकडे टाइप करायचे. आणि लिन एलएम-१ हे ड्रम मशीन होतं, १९८० ला आलेलं, खऱ्या ड्रमचे आवाज चिपमध्ये साठवलेलं, फक्त १२ आवाज, मोठी झांज नाहीच कारण तेवढा लांब आवाज ठेवायला मेमरी पुरत नव्हती. म्हणून डेअरमध्ये वरच्या पट्टीत सतत छनछन चालू नाही, दोन ठोक्यांच्या मध्ये चक्क रिकामी जागा ऐकू येते, आणि मला विचाराल तर ती रिकामी जागा हेच या अल्बमचं मुख्य वाद्य आहे.

आता रीमास्टर. बरेच लोक रीमास्टर आणि रीमिक्स एकच समजतात, तसं नाहीये. रीमिक्समध्ये वेगवेगळ्या ट्रॅकवर परत जाऊन गाणं नव्याने मांडतात. रीमास्टरमध्ये तयार झालेली दोन ट्रॅकची शेवटची टेप घेऊन फक्त तिचा समतोल आणि पातळी बदलतात, आत हात घालता येत नाही. रीमिक्सचा नमुना घरातच आहे, १९८२ चा 'लव्ह अँड डान्सिंग', रशंटने याच गाण्यांच्या टेपा कापून जोडून केलेला, हाताने, कॉम्प्युटर नसताना.

त्यामुळे रीमास्टरने चमत्कार होईल असं समजू नये. एलएम-१ चे आवाज ८ बिटचे, म्हणजे मुळातच भरड, त्यात नसलेली झांज कुठून आणणार? उलट भीती वेगळीच. नव्वदीपासून सीडी जोरात वाजावी म्हणून लिमिटर लावून हळू आवाज वर आणि मोठे आवाज खाली दाबायची खोड लागली. भरगच्च रॉकमध्ये ते खपून जातं, पण इथे दाबलं की ती रिकामी जागाच बुजते. म्हणून जुनी सीडी आणि नवी सीडी ताडून बघताना आधी दोन्हींचा व्हॉल्यूम कानाने सारखा करून घ्यावा, नाहीतर जी जोरात वाजते तीच चांगली वाटते, कान असाच फसतो.

फायदा होतो तो एका ठिकाणी नक्की, आणि त्यात गंमत आहे. अल्बममधलं सगळ्यात गाजलेलं गाणं 'डोंट यू वाँट मी', ब्रिटनमध्ये १९८१ च्या ख्रिसमसला नंबर वन, पुढच्या वर्षी अमेरिकेतही नंबर वन. ओकीला ते सगळ्यात कच्चं वाटत होतं, सिंगल म्हणून काढायलाही त्याचा विरोध, आणि अल्बममध्ये ते शेवटी आलं, दुसऱ्या बाजूच्या अगदी टोकाला. रेकॉर्डवर टोक म्हणजे आतली खाच, तिथे एका फेऱ्यात सुईखालून कमी लांबी जाते आणि वरचे सूर घासट होतात. म्हणजे ज्यासाठी लोकांनी रेकॉर्ड विकत घेतली तेच गाणं सगळ्यात वाईट जागी! सीडीवर ही अडचण नाही, आणि टेपवरून नीट केलेल्या रीमास्टरमध्ये सुझनच्या कडव्याआधीचा सिंथ पहिल्या गाण्याइतकाच स्वच्छ येतो.

फक्त २००३ च्या सीडीवर हे गाणं विरत जातं न जातं तोच 'लव्ह अँड डान्सिंग'चं 'हार्ड टाइम्स' सुरू होतं. रेकॉर्डवर इथे उठून सुई उचलावी लागायची.