महोत्सवाला फिल्म पाठवायची की नाही: पात्रता, कागदपत्रे आणि अर्जाआधीचा विचार

फिल्म पूर्ण झाली की जिथे जिथे अर्ज सुरू असतील तिथे ती पाठवून द्यावीशी वाटते. ही घाई महागात पडते. शुल्क परत मिळत नाही आणि पहिले प्रदर्शन तर एकदाच होते.

म्हणून नियमावलीत सगळ्यात आधी प्रीमियरची अट शोधा. महोत्सवाला जागतिक प्रीमियर हवा आहे, की त्या देशातले पहिले प्रदर्शन पुरेसे आहे? अमेरिकेतल्या सनडान्स महोत्सवाच्या अमेरिकी स्पर्धा विभागांत पूर्ण लांबीच्या फिल्मसाठी जागतिक प्रीमियर लागतो, लघुपटांना मात्र तिथे ही अट नाही. पूर्ण लांबीची फिल्म एखाद्या छोट्या महोत्सवात आधी दाखवली, तर मोठी दारे तिथेच बंद होऊ शकतात. त्यामुळे आपल्या पसंतीच्या महोत्सवांचा क्रम कागदावर लिहा आणि त्यांच्या तारखा जुळवून पाहा. फिल्म इंटरनेटवर सर्वांसाठी खुली केली असेल, तरी अनेक ठिकाणी अपात्र ठरते.

मग लांबी. ऑस्करच्या नियमांत श्रेयनामावलीसह 40 मिनिटांपर्यंतची फिल्म लघुपट ठरते. सनडान्समध्ये ही मर्यादा 50 मिनिटांच्या आत आहे, तर फ्रान्समधल्या कान महोत्सवाच्या लघुपट स्पर्धेत 15 मिनिटे. म्हणजे 18 मिनिटांची चांगली फिल्मही कानच्या या स्पर्धेत बसत नाही. फिल्म कधी पूर्ण झाली याचीही मुदत असते, ती तपासा.

महोत्सव खरा आहे का, यावर मी सर्वात जास्त वेळ घालवायला सांगेन. मागच्या वर्षीचा कार्यक्रम उघडा. कोणत्या थिएटरमध्ये, किती वाजता, कोणती फिल्म दाखवली हे दिसते का? निवड कोण करते, त्यांची नावे आहेत का? दर महिन्याला डझनावारी पुरस्कार वाटणारा आणि एकही प्रदर्शन न करणारा ‘महोत्सव’ तुमच्याकडून फक्त शुल्क घेतो. निवड किंवा पुरस्कार मिळाल्यावर पोस्टरवर छापतात त्या दोन डहाळ्यांच्या चिन्हासाठी (लॉरेल) पैसे देऊ नका. तिथे गेलेल्या दिग्दर्शकांना विचारा: प्रेक्षक आले होते का, फिल्मनंतर चर्चा झाली का?

बहुतेक अर्ज फिल्मफ्रीवेसारख्या संकेतस्थळावरून भरले जातात. शुल्काचे टप्पे असतात आणि मुदत जवळ येईल तसे ते वाढते. पैशांची अडचण असेल तर अर्जाआधी आयोजकांना चार ओळींची मेल लिहून सवलत मागा, त्यात कमीपणा नाही. पण अर्धवट संकलित प्रत घाईने पाठवू नका. निवड करणारे ती बहुधा एकदाच पाहतात.

साधारणपणे ही तयारी लागते: पासवर्ड असलेली स्क्रीनर लिंक (निवड करणाऱ्यांना फिल्म ऑनलाइन पाहण्यासाठी), इंग्रजी सबटायटल, एका ओळीत आणि एका परिच्छेदात कथासार, दिग्दर्शकाचा परिचय व फोटो, चित्रीकरणातली दोन-तीन चांगली छायाचित्रे, तांत्रिक तपशील. निवड झाल्यावर डीसीपी, म्हणजे थिएटरमध्ये दाखवण्यासाठीची फिल्मची डिजिटल प्रत, मागतात. कलाकारांची संमतीपत्रे आधीच घेऊन ठेवा. संगीताचे हक्क दोन असतात: रचनेचा वेगळा, ध्वनिमुद्रणाचा वेगळा. दोन्हीची लेखी परवानगी लागते आणि केवळ महोत्सवापुरती घेतलेली परवानगी पुढे ओटीटीसाठी चालत नाही.

निकाल लागेपर्यंत लिंकचा पासवर्ड बदलू नका. एका ठिकाणी प्रीमियरला होकार दिलात, तर तीच अट असलेल्या बाकीच्या महोत्सवांना त्याच दिवशी कळवून अर्ज मागे घ्या.