ताडपत्री, औद्योगिक

कच्चा माल, यंत्रे, पोत्यांच्या थप्प्या, साखर कारखान्यातला बगॅसचा (उसाच्या चोथ्याचा) ढीग किंवा ट्रकमधला माल ऊन-पावसापासून झाकण्याचे जलरोधक आच्छादन. पूर्वी ताडपत्री म्हणजे मेण किंवा ताम्रयुक्त रसायने चढवलेला सुती कॅनव्हास. आता बाजार मुख्यतः पॉलिएथिलीन आणि पीव्हीसीचा आहे. तरी कॅनव्हास हद्दपार झालेला नाही, कारण त्यातून वाफ बाहेर पडते. प्लॅस्टिकखाली धान्याला घाम सुटतो, म्हणून उघड्यावरच्या थप्प्यांची आच्छादने कोरड्या दिवशी उचलून वारा द्यावा लागतो. कॅनव्हासचा दोष वेगळा: भिजला की उचलवत नाही आणि ओलाच घडी घातला तर बुरशीने कुजतो.

खरेदीच्या वेळी बहुधा ‘किती जीएसएम?’ एवढेच विचारले जाते. जीएसएम म्हणजे एका चौरस मीटरचे ग्रॅममधले वजन. त्यावरून फाटण्याचा अंदाज बांधणे धोक्याचे. पीव्हीसी पॉलिएथिलीनपेक्षा जड, त्यामुळे सारख्या वजनात त्याचा थर पातळ असतो. शिवाय ताण सोसणे आणि फाट रोखणे हे दोन वेगळे गुण आहेत. ताणबल मोजताना अखंड पट्टी ओढतात, फाटबल मोजताना आधीच चीर दिलेला तुकडा. चिरेच्या टोकाशी धागे थोडे सरकू शकले तर ते एकवटून भार वाटून घेतात. कडक लेपाने जागीच जखडलेले धागे एकामागून एक तुटत जातात. म्हणूनच जाड लेपाची भारदस्त ताडपत्री एखाद्या खिळ्यावर सरळ रेषेत फाटत गेलेली दिसते. उपाय विणीत आहे. रिपस्टॉप कापडात ठरावीक अंतरावर जाड धागे असतात आणि चीर तिथे अडते. क्रॉस-लॅमिनेटेड प्रकारात विणकामच नसते. वेगवेगळ्या दिशांना ताणलेल्या फिल्म एकमेकींवर चिकटवलेल्या असतात. भारतीय मानकांत विणलेल्या एचडीपीई (उच्च घनतेच्या पॉलिएथिलीन) ताडपत्रीसाठी आयएस ७९०३ आणि क्रॉस-लॅमिनेटेडसाठी आयएस १४६११ आहे.

रोज उघडझाक होणाऱ्या ट्रकसाठी पॉलिएस्टर कापडावर पीव्हीसी चढवलेली ताडपत्री महाग असली तरी परवडते. तिचे जोड उच्च-वारंवारता वेल्डिंगने, म्हणजे विद्युतलहरींनी आतून तापवून, सांधता येतात. पॉलिएथिलीनला ही पद्धत चालत नाही, गरम हवेने सांधावे लागते. नुसती शिलाई असेल तर सुईच्या भोकांतून पाणी झिरपते.

पॉलिएथिलीनचा मोठा शत्रू सूर्यप्रकाश. अतिनील किरणांनी ठिसूळ झालेली ताडपत्री घडीवरच तडकते. काजळीयुक्त काळा रंग यावर उत्तम संरक्षण देतो, पण आतला माल तापवतो. उष्णता नको तिथे स्थिरक (अतिनील किरणांपासून वाचवणारे रसायन) मिसळलेला पांढरा किंवा चंदेरी रंग घ्यावा. पुनर्वापरित प्लॅस्टिक दाण्यांपासून केलेला माल स्वस्त मिळतो, एका पावसाळ्यापलीकडे त्याचा भरवसा धरू नये.

प्रत्यक्षात फाटायला सुरुवात बहुतेक वेळा मधोमध होत नाही, कडेच्या आयलेटपाशी (दोरी ओवायच्या धातूच्या कडीपाशी) होते. त्यामुळे दुमडीत दोरी आहे का, कोपऱ्यांना जादा थर आहे का, हे आधी पाहावे. किनारपट्टीवर साध्या लोखंडी आयलेटऐवजी पितळी घ्यावेत. सैल बांधलेली ताडपत्री वाऱ्यात फडफडून झिजते, आणि झोळ पडला तर १० सेंमी साचलेल्या पाण्याचा भार दर चौरस मीटरला १०० किलो होतो.