फोटोओळीची किंमत : रॉबर्ट कापा यांच्या कारकिर्दीची पार्श्वभूमी

मे २०२५ मध्ये भारत आणि पाकिस्तान यांच्यात चार दिवस संघर्ष चालू होता, तेव्हा पुण्यात कोथरूडपासून हडपसरपर्यंतच्या सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर युद्धाची म्हणून जी दृश्ये फिरत होती, त्यांत व्हिडिओ गेममधले स्फोट होते आणि दुसऱ्याच देशांतले, दुसऱ्याच युद्धांतले जुने फोटोही होते. हे जुने फोटो खरेच होते. त्यांच्याखाली लिहिलेली ओळ तेवढी खोटी होती. वृत्तपत्राच्या टेबलावर तिला फोटोओळ म्हणतात. पुण्यातील एका दैनिकात मी उपसंपादक असताना विसर्जन मिरवणुकीच्या पहाटे दोन मंडळांच्या फोटोओळींची अदलाबदल झाली, आणि सकाळी नऊच्या आत दोन्ही मंडळांचे कार्यकर्ते अंक हातात घेऊन कार्यालयात उभे राहिले. मिरवणुकीच्या फोटोबद्दल जाब विचारायला निदान कोणीतरी येते. रणांगणावरच्या फोटोत जो दिसतो, तो बहुधा येऊ शकत नाही. युद्धछायाचित्रकारांत ज्यांचे नाव आजही सर्वांत आधी घेतले जाते, त्या रॉबर्ट कापा यांची कारकीर्द म्हणूनच मला धाडसाच्या कथेपेक्षा या ओळीच्या अंगाने अधिक महत्त्वाची वाटते.

हा प्रश्न कापा यांच्या आधीपासूनचा आहे. १८५५ मध्ये क्रिमियाच्या युद्धात रॉजर फेंटन यांनी टिपलेल्या एका दरीच्या रस्त्याचे दोन फोटो उपलब्ध आहेत. एकात रस्ता मोकळा आहे, तर दुसऱ्यात त्यावर तोफगोळे विखुरलेले आहेत, आणि यांतला आधीचा कोणता यावर दीर्घकाळ वाद झाला. लखनौच्या सिकंदर बागेत नोव्हेंबर १८५७ मध्ये कत्तल झाली, पण छायाचित्रकार फेलिचे बियातो तिथे पोचले ते १८५८ मध्ये. त्यांच्या प्रसिद्ध फोटोत अंगणभर पसरलेल्या ज्या अस्थी दिसतात, त्या फोटोसाठी तशा मांडल्या गेल्या असाव्यात, असे अनेक अभ्यासक मानतात. काचेच्या जड प्लेट आणि लांबलेले एक्स्पोजर (प्लेटवर प्रकाश पडू देण्याचा वेळ) यांमुळे त्या काळी चालती लढाई टिपणे शक्यच नव्हते, त्यामुळे युद्धाचा फोटो म्हणजे युद्ध उरकल्यानंतरचा फोटो असे.

१९२५ मध्ये लायका बाजारात आला आणि ३५ मिलिमीटरच्या फिल्मवर ३६ फोटो घेणारा, कोटाच्या खिशात मावणारा कॅमेरा हाती आला. कापा या पिढीचे. त्यांचे मूळ नाव एन्द्रे फ्रीडमन. जन्म २२ ऑक्टोबर १९१३ रोजी बुडापेस्टमध्ये, एका ज्यू कुटुंबात. राजकीय कारणांवरून अटक झाल्यानंतर १९३१ मध्ये त्यांनी हंगेरी सोडली, बर्लिनमध्ये एका फोटो एजन्सीच्या डार्करूममध्ये मदतनिसाचे काम धरले आणि १९३२ मध्ये कोपनहेगनला रशियन क्रांतीचे नेते ट्रॉट्स्की यांच्या भाषणाचे फोटो घेऊन पहिले नाव मिळवले. हिटलर सत्तेवर आल्यावर ते पॅरिसला गेले. तिथे भेटलेल्या गेर्टा पोहोरिल आणि ते, अशा दोघांनी मिळून ‘रॉबर्ट कापा’ नावाचा एक श्रीमंत अमेरिकन छायाचित्रकार कल्पनेत उभा केला, कारण निर्वासित पोराच्या फोटोला जो भाव मिळत नव्हता, तो अमेरिकन नावाला मिळत होता. पुढे ते नाव त्यांनी स्वतःच घेतले, आणि गेर्टा झाल्या गेर्डा टारो. दोघांचे काम सुरुवातीला एकाच नावाने विकले जाई, त्यामुळे स्पेनच्या यादवी युद्धातल्या काही फोटोंच्या बाबतीत कॅमेरा नेमका कोणाच्या हातात होता, हे ठरवायला अभ्यासकांना अनेक दशके लागली. टारो यांना हे श्रेय जिवंतपणी पुरते मिळालेच नाही. त्याच युद्धात जुलै १९३७ मध्ये माद्रिदजवळच्या ब्रुनेतेच्या माघारीत त्या ज्या मोटारीच्या पायरीवर उभ्या होत्या, तिला रणगाड्याची धडक बसली आणि २६ जुलैला त्यांचा मृत्यू झाला. त्यांना २७ वर्षेही पूर्ण झाली नव्हती.

कापा यांचा सर्वांत गाजलेला फोटो सप्टेंबर १९३६ चा आहे. उतारावर एक सैनिक मागे कोसळतो आहे, उजवा हात पसरलेला, बंदूक हातातून सुटते आहे. स्थळ म्हणून कोर्दोबाजवळच्या सेर्रो मुरियानोचे नाव पुढे मान्य झाले आणि १९९० च्या दशकात सैनिकाचे नावही सांगितले गेले. पण २००९ मध्ये स्पॅनिश प्राध्यापक होसे मानुएल सुसपेरेगी यांनी त्याच मालिकेतल्या इतर फोटोंमागची डोंगररेषा तपासून हे ठिकाण तिथून सुमारे ५० किलोमीटरवरचे एस्पेहो असल्याचे दाखवले, आणि त्या दिवसांत एस्पेहोला लढाई झाल्याची नोंद नाही. त्यामुळे फोटो रचलेला होता, की सरावाच्या वेळी खरोखर गोळी लागली, हा वाद मिटलेला नाही. कापा यांनी स्वतः या फोटोची तारीख, ठिकाण आणि नाव एकत्र असे कुठेही नोंदवून ठेवले नाही. त्या वेळी त्यांचे वय २२ होते, आणि न धुतलेले रोल पॅरिसला पाठवून देणाऱ्या माणसाला आपल्या फोटोखाली काय छापले जाते हे कळायलाही दिवस लागत. मला हे समजते. पण त्या एका ओळीच्या अभावी त्या सैनिकाचा मृत्यूच संशयास्पद ठरला, याचे वाईट वाटल्याशिवाय राहत नाही.

दुसऱ्या महायुद्धात ६ जून १९४४ रोजी फ्रान्समधील नॉर्मंडीच्या ओमाहा किनाऱ्यावर उतरलेल्या अमेरिकन सैनिकांबरोबर कापा ‘लाइफ’ या अमेरिकन साप्ताहिकासाठी गेले होते. चार रोलपैकी जवळजवळ सगळे लंडनच्या डार्करूममध्ये वाळवणीच्या कपाटातल्या उष्णतेने वितळले आणि ११ फोटो तेवढे वाचले, अशी हकिगत पुढे पिढ्यान्‌पिढ्या सांगितली गेली. पुण्यात ज्यांनी घरच्या मोरीत रोल धुतले आहेत, त्यांना ओली फिल्म किती नाजूक असते ते ठाऊक आहे. ती दोरीला चिमट्याने टांगायची, खाली वजनाला दुसरा चिमटा लावायचा, आणि पंख्याची धूळ बसू नये म्हणून खोलीचे दार लावून घ्यायचे. ओल्या थराला नख लागले तरी कायमचा ओरखडा उठतो. म्हणून ती हकिगत आम्हाला सहज पटत असे. समीक्षक ए. डी. कोलमन यांनी २०१४ पासून चिकाटीने दाखवून दिले की, तशा कपाटाच्या उष्णतेने फिल्मचा थर वितळत नाही, आणि कापा यांनी बहुधा तेवढेच फोटो घेतले असावेत. ‘लाइफ’चे तेव्हाचे लंडनमधील फोटो संपादक जॉन मॉरिस यांनीही उतारवयात ही शक्यता मान्य केली. जे ११ आहेत, त्यांचे मोल यामुळे कमी होत नाही. लाटांमध्ये पालथा पडून पुढे सरकणाऱ्या सैनिकाचा तो हललेला फोटो त्या सकाळी, त्या पाण्यात घेतलेला आहे, याबद्दल कोणाला शंका नाही.

१९४७ मध्ये कापा यांनी आंरी कार्तिए-ब्रेसाँ, डेव्हिड सीमूर आणि जॉर्ज रॉजर यांच्यासह ‘मॅग्नम’ ही छायाचित्रकारांची सहकारी संस्था उभी केली. फोटोचे हक्क मासिकाकडे न जाता छायाचित्रकाराकडेच राहावेत, आणि फोटो कसा छापला जातो, त्याखाली काय लिहिले जाते यावरही त्याचा शब्द चालावा, हा तिचा आग्रह होता. कापा यांच्या सर्व कामांत मला हे सर्वांत मोठे वाटते. पुढच्या वर्षी ३० जानेवारीला गांधीजींची हत्या होण्याच्या थोडेच आधी त्यांना भेटून आलेले कार्तिए-ब्रेसाँ त्यानंतरचे दिवसही टिपू शकले, आणि ते फोटो जगभर गेले ते याच संस्थेमार्फत.

१९५४ च्या वसंतात कापा जपानमध्ये होते. फ्रेंचांचे युद्ध चालू असलेल्या इंडोचीनला (आजचा व्हिएतनाम आणि शेजारचे देश) जाणारा छायाचित्रकार हवा म्हणून ‘लाइफ’ने विचारले, आणि ते गेले. २५ मे रोजी थाय बिन्हच्या वाटेवर फ्रेंच तुकडीबरोबर चालताना रस्ता सोडून ते थोडे पुढे गेले आणि त्यांचा पाय सुरुंगावर पडला. वय ४० होते. स्पेनमधील त्यांच्या, टारो यांच्या आणि सीमूर यांच्या सुमारे ४,५०० निगेटिव्ह १९३९ पासून हरवल्या होत्या. मेक्सिकोतून तीन खोक्यांत भरून त्या २००७ मध्ये न्यूयॉर्कला पोचल्या. कोसळणाऱ्या सैनिकाची निगेटिव्ह मात्र त्यांत नव्हती.

आपल्याकडे या परंपरेत किशोर पारेख यांचे नाव घ्यावे लागते. मूळचे भावनगरचे पारेख पूर्वी दिल्लीत ‘हिंदुस्तान टाइम्स’चे मुख्य छायाचित्रकार होते, आणि १९७१ च्या डिसेंबरमध्ये कोणीही नेमणूक दिलेली नसताना ते बांगलादेशात पोचले. अवघ्या काही दिवसांच्या त्या कामातून ६७ फोटोंचे पुस्तक झाले. त्यातल्या एका फोटोत बंदूकधारी जवान एका गावकऱ्याच्या लुंगीत डोकावून पाहतो आहे. हा फोटो आजही दरवर्षी डिसेंबरमध्ये फिरतो, आणि पाकिस्तानी सैनिक एका माणसाचा धर्म तपासतो आहे, अशी ओळ त्याखाली असते. पारेख यांनी स्वतः लिहिलेल्या ओळीप्रमाणे तो जवान भारतीय आहे, आणि हेर असल्याच्या संशयावरून पकडलेल्या गावकऱ्याने शस्त्र लपवले आहे का, ते तो पाहतो आहे.