लघवीचा पीएच ७ आला म्हणून किडनी गेली?

खानापूर-निपाणीकडे अजून ऐकू येतं: लघवीत बुडवायच्या पट्टीवर पीएच (आम्लतेचा आकडा; कमी म्हणजे आम्ल जास्त) ७ आला, म्हणजे किडनी आम्ल टाकत नाही. चूक. निरोगी लघवी दिवसभरात ४.५ ते ८ मध्ये फिरते, जेवणानंतर बहुधा चढते. त्यात बाटली बसमधून दोन तास हिंदकळत बेळगावात आली, की कार्बन डायऑक्साइड उडतो, जंतू युरियाचा अमोनिया करतात, आकडा आणखी वर.

खरी चाचणी डॉक्टरांसमोर होते: अमोनियम क्लोराइड (शरीरात आम्ल वाढवणारं औषध), वजनाच्या किलोमागे ०.१ ग्रॅम तोंडाने, मग सहा-आठ तास, दर तासाला ताजी लघवी, पट्टीवर नव्हे, पीएच मीटरवर. एकदा ५.३ खाली उतरली की आम्ल टाकण्याचं काम ठीक. औषधाने मळमळ फार. उलटी झाली तर सगळं वाया. रक्तात बायकार्बोनेट (आम्ल मारणारा क्षार) आधीच कमी असेल, म्हणजे आम्ल आधीच वाढलेलं असेल, तर हे औषध देऊच नये. अशा वेळी ताजी लघवी ५.५ च्या वर, एवढ्यानेच किडनी आम्ल टाकत नसल्याचा संशय बळावतो.