डीएलएसचा आकार की टीईएमचा?

पवई, माटुंगा, कलिना, कुठल्याही लॅबमध्ये सोन्याचे नॅनोकण करणाऱ्याला ‘साइझ किती आला?’ विचारा. समजा डीएलएस काढला (द्रावणातल्या कणांनी विखुरलेल्या प्रकाशावरून आकार काढायची पद्धत), ३२ नॅनोमीटर. चार दिवसांनी टीईएमचे, म्हणजे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाचे, फोटो हाती पडले, तर १५. मग कुठलं मशीन बिघडलंय यावर चहाच्या टपरीवर वाद. बहुतेक वेळा कुठलंच बिघडलेलं नसतं.

टीईएम जाळीवर वाळवलेल्या कणातला फक्त धातू दाखवतो. कण एकमेकांना चिकटू नयेत म्हणून त्यांच्यावर असलेलं सायट्रेटचं किंवा पॉलिमरचं आवरण त्यात जवळपास दिसतच नाही. कण द्रावणात किती चपळ हलतात यावरून डीएलएस व्यास काढतं, त्यामुळे आवरण आणि त्याला चिकटून फिरणारं पाणीही त्यात धरलं जातं. लोकलमध्ये पाठीवर सॅक लावून उभा असलेला माणूस जेवढी जागा अडवतो ती डीएलएसची, नुसत्या माणसाची टीईएमची.

खरी गोम पुढेच आहे. एवढ्या लहान कणांचं प्रकाश विखुरणं व्यासाच्या सहाव्या घाताने वाढतं. म्हणजे २० नॅनोमीटरचा एक कण २ नॅनोमीटरच्या दहा लाख कणांना भारी. चार गुठळ्या झाल्या की बारीक कण झाकले गेलेच. मग सॉफ्टवेअरमध्ये ‘इंटेन्सिटी’ (विखुरलेल्या प्रकाशानुसार) सोडून ‘नंबर’वर (कणांच्या संख्येनुसार) क्लिक करायचं आणि आकडा गोड करून घ्यायचा! तो थेट मोजलेला नसतो, गणिताने काढलेला असतो.

उत्प्रेरकात, म्हणजे स्वतः न संपता रासायनिक क्रिया घडवून आणणाऱ्या पदार्थात, हा फरक महागात पडतो. जपानी रसायनशास्त्रज्ञ मासाताके हारुता यांनी १९८७ मध्ये कार्बन मोनॉक्साइडचं ऑक्सिडेशन सोन्यावर शून्य अंश सेल्सिअसच्या बरंच खाली होतं हे दाखवलं. पण अशा कामाला सोनं साधारण ५ नॅनोमीटरखालचं लागतं. क्रिया पृष्ठभागावरच होते, आणि ५५ अणूंच्या पुंजक्यात ४२ अणू पृष्ठभागावर असतात, २० नॅनोमीटरच्या कणात दहा टक्केही नाहीत. सायट्रेट वाढवून कण लहान करता येतात (फ्रेन्स, १९७३), पण इतके बारीक हवे तर सोडियम बोरोहायड्राइडसारखा जोरकस क्षपणक (क्षारातून धातू मोकळा करणारं रसायन) घ्यावा लागतो.

म्हणून माझं मत टीईएमला, तेही निदान दोनशे कण मोजून. एका देखण्या फोटोतले वीस नव्हेत. डीएलएस लागतंच, कारण टीईएममध्ये दिसलेल्या गुठळ्या द्रावणातल्याच की थेंब वाळताना झालेल्या, हे तेच सांगतं. उत्प्रेरक करताना कण टायटॅनियावर (टायटॅनियम डायऑक्साइडच्या पावडरीवर) बसवून भाजल्यावर मात्र फोटो पुन्हा काढा. सोन्याच्या क्षारातून आलेलं क्लोराइड नीट धुतलं नसेल तर भाजताना कण एकमेकांत मिसळून फुगतात, आणि बाटलीवर लिहिलेला आकडा त्या पावडरीचा राहत नाही.