जुळ्यांच्या बोटांचे ठसे सारखेच असतात का?

‘एकसारख्या जुळ्यांचा डीएनए एकच, म्हणून त्यांच्या बोटांचे ठसेही एकच’ हा मजकूर वर्षानुवर्षं फिरतोय. तो पटतो, कारण त्यातला पहिला भाग जवळपास खरा आहे.

बोटांवरच्या रेषा गर्भात साधारण 10व्या आठवड्यापासून घडू लागतात. शंख की चक्र, हा ढोबळ घाट बराचसा आनुवंशिक. त्यामुळे जुळ्यांत साम्य दिसतंच. पण एखादी रेषा नेमकी कुठे फुटते, कुठे संपते, हे त्या बोटावर पडणारा दाब, त्वचेच्या वाढीचा वेग अशा बारीकसारीक गोष्टींवर ठरतं. ओळख पटवताना तज्ज्ञ याच खुणा ताडून पाहतात.

पडताळायला जुळं भावंड लागतंच असं नाही. तुमच्या दहाही बोटांचा डीएनए एकच आहे ना? मऊ पेन्सिल कागदावर गडद घासा, त्यावर अंगठा फिरवा, पारदर्शक चिकटपट्टीने ठसा उचला आणि पांढऱ्या कागदावर चिकटवा. दुसऱ्या अंगठ्याचंही तसंच करा. आता भिंगातून बघा. घाट जुळला तरी रेषांचे फाटे जुळत नाहीत. शाळेत न्यायवैद्यक विज्ञानाची सुरुवात याच प्रयोगाने करावी असं मला मनापासून वाटतं. पुरावा स्वतःच्याच हातावर असतो.