‘मला जमतं’ आणि ‘हे बरोबर झालंय’: दंतवैद्यकाच्या विद्यार्थ्यांची नेहमीची गल्लत

‘क्लास टू कॅव्हिटी तुम्हाला किती चांगली करता येते? १ ते ५ पैकी गुण द्या.’ असा फॉर्म भरून घेतला की विद्यार्थ्यांचं स्वमूल्यमापन झालं, असं समजलं जातं. (क्लास टू कॅव्हिटी म्हणजे दाढेच्या शेजारच्या दाताला लागून असलेल्या बाजूची कीड काढून भरणासाठी कोरलेला खड्डा.) खरं तर त्यातून कळतो फक्त आत्मविश्वास. स्वमूल्यमापनाला समोर एक ठरावीक दात लागतो, आधी ठरलेले निकष लागतात आणि हातात प्रोब, म्हणजे खोली मोजायची खुणा असलेली सळई, लागतो.

आत्मविश्वास म्हणजे पुढच्या कामाबद्दलचा अंदाज. तो केसेसच्या संख्येने वाढतो, कौतुकाने वाढतो, पेशंट शांत बसला तरी वाढतो. यातल्या कशानेही कॅव्हिटी सुधारलेली असतेच असं नाही. म्हणून ‘कोर्सनंतर विद्यार्थ्यांचे गुण ३ वरून ४ वर गेले’ या वाक्यावरून कौशल्य वाढल्याचा निष्कर्ष काढू नये. अनुभवी डॉक्टरही यात चुकतात. जामा या वैद्यकीय नियतकालिकात २००६ साली आलेल्या एका आढाव्यात डॉक्टरांचं स्वतःबद्दलचं मत आणि बाहेरून झालेलं मूल्यमापन यांच्या २० तुलना होत्या. त्यांपैकी १३ तुलनांमध्ये दोहोंचा मेळ जेमतेम होता, नव्हता किंवा उलटा होता.

आता तीच कॅव्हिटी स्वमूल्यमापनाच्या नजरेने पाहू. टायफोडॉन्टवर (सरावाच्या कृत्रिम दातांच्या जबड्यावर) अमाल्गमसाठी (धातूच्या भरणासाठी) क्लास टू केली आहे. ‘खोली ठीक वाटते’ हे उत्तर इथे चालत नाही. पल्पल फ्लोअरची (खड्ड्याच्या तळाची) खोली सेंट्रल ग्रूव्हपाशी (दाढेच्या मधल्या खाचेपाशी) सुमारे १.५ मिमी हवी. बाजूच्या भिंतींपाशी मोजली तर तीच खोली सुमारे २ मिमी भरते, आणि वाद बहुतेक वेळा इथेच होतो: विद्यार्थी एका जागी मोजतो, शिक्षक दुसऱ्या जागी. म्हणून निकषात आकड्यासोबत मोजायची जागाही लिहिलेली असावी. २४५ नंबरच्या बरचं (दात कोरायच्या फिरत्या हत्याराचं) डोकं ३ मिमी लांब असतं. अर्धं डोकं आत गेलं की १.५ मिमी झाले, हा काम चालू असतानाचा अंदाज. शेवटचा आकडा मात्र प्रोबनेच घ्यावा. इस्थमसची (कॅव्हिटीच्या अरुंद भागाची) रुंदी कस्पमधल्या (दाढेच्या उंचवट्यांमधल्या) अंतराच्या पाव ते एक तृतीयांशात बसते का, प्रॉक्सिमल बॉक्स (कॅव्हिटीचा शेजारच्या दाताकडचा खोल भाग) आणि शेजारचा दात यांच्यात ०.२ ते ०.५ मिमी फट आहे का, बारीक एक्सप्लोररचं (तपासणीच्या टोकदार सळईचं) टोक तिथून निघतं का, अॅक्सिओपल्पल लाइन अँगल (बॉक्सची आतली भिंत आणि पल्पल फ्लोअर मिळतात ती कड) गोलसर केला आहे का, शेजारच्या दाताला बर लागला आहे का, हे एकेक करून तपासायचं. दात फक्त वरून पाहिला तर बॉक्सचा जिंजायव्हल (हिरडीकडचा) भाग आणि भिंतींचा कल दिसतच नाही. आरसा वापरा, टायफोडॉन्टमधला दात काढून सगळ्या बाजूंनी फिरवून पाहा.

क्रमही महत्त्वाचा आहे. विद्यार्थ्याने आधी मोजमापं आणि गुण लिहून कागद झाकून ठेवावा. शिक्षकांनी तो न पाहता तपासावं, नाहीतर त्यांचे गुण नकळत विद्यार्थ्याच्या आकड्याकडे झुकतात. मग दोन्ही कागद शेजारी ठेवून निकषवार फरक काढायचा, अधिक-उण्या चिन्हासकट. नुसती बेरीज जुळण्यावर समाधान मानू नका. खोलीत स्वतःला २ गुण जास्त आणि भिंतींच्या कलात २ कमी दिले असतील तर बेरीज अगदी बरोबर येते, आणि दोन्ही चुका तिच्यात लपतात. विद्यार्थ्याचे स्वतःचे गुण अंतिम निकालात धरणं आमच्या मते घातकच आहे: मग तो दात तपासत नाही, मार्क वाचवतो. धरायचंच असेल तर शिक्षकांच्या गुणांशी त्याचे गुण किती जवळ आले, ते धरा.

मोजमाप आलं म्हणून आत्मविश्वासाची चौकशी सोडून देऊ नये. पेशंट खुर्चीत बसण्याआधी ‘हे मी एकट्याने करू का, सरांना बोलावू?’ हे त्यावरच ठरतं. फक्त प्रश्न नेमका विचारावा: ‘क्लास टू जमते का?’ असा नाही, तर ‘या खालच्या मोलरवर, एवढ्या खोल कीड असताना, रबर डॅम (दात वेगळा आणि कोरडा ठेवणारा रबरी पडदा) लावून, देखरेखीशिवाय करशील का?’ असा.

दोन्ही नोंदी शेजारी ठेवल्या की पुढे काय करायचं ते ठरवता येतं. आत्मविश्वास जास्त आणि स्वतःला दिलेले गुण वारंवार शिक्षकांपेक्षा वर असतील, तर त्याला आणखी केसेस देण्याआधी शिक्षकांनी तपासलेले चांगले-वाईट नमुने मोजायला द्या. नजर तयार होण्याआधी हात चालवला तर तीच चूक पक्की होते. मोजमाप अचूक पण आत्मविश्वास कमी असेल, तर अशा विद्यार्थ्याला पुन्हा टायफोडॉन्टवर पाठवू नका. त्याला देखरेखीखाली पेशंट द्या आणि प्रत्येक टप्प्यावर आधी त्याचं स्वतःचं मोजमाप विचारा.